मदत हवी आहे: बुंधा सडलेला निवडुंग वाचेल का?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ६ वर्षांपासून मॅमिलेरिया जातीचा एक निवडुंग आहे, मुठीएवढा गोल. गेल्या आठवड्यात कुंडी फिरवताना तो कलला. बुंध्याला बोट लावलं तर ते आतच गेलं. जुन्या निवडुंगाचा तळ तपकिरी होतो हे माहीत आहे, पण तो लाकडासारखा टणक लागतो. हे तसं नव्हतं. माती चिकट होती आणि थंडीतही मी पाणी घालत राहिले.

स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून चकत्या कापत गेले. पहिल्या तीन चकत्यांत मधल्या कड्यावर नारिंगी-तपकिरी ठिपके होते. चौथी स्वच्छ, हिरवट पांढरी निघाली, तिथे थांबले. आता वरचा भाग सावलीत, हवेशीर जागी कोरड्या कागदावर ठेवलाय. ५ दिवसांत काप सुकून थोडा आत ओढला गेलाय.

खपली पक्की धरली हे नेमकं कसं ओळखायचं? आणि मुळं फुटेपर्यंत पाणी अजिबात द्यायचं नाही, की प्युमिस (मातीऐवजी वापरायचे हलके, सच्छिद्र दगडी खडे) किंचित ओलं ठेवायचं? मला दोन्ही सल्ले मिळालेत.

शिवाय शेजारच्या कुंडीतल्या मॅमिलेरियावर पांढरा कापूस दिसतोय. या जातीला लव असतेच, पण काडीने टोचल्यावर एका ठिकाणी गुलाबी ओल आली. म्हणजे पिठ्या ढेकूणच ना? तो मुळांवरही लपतो, म्हणून रोप उपटून बघू का?

सडलेल्याला दरवर्षी डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं यायचं. तो जगायलाच हवा, कृपया लवकर सांगा.