आजेसासऱ्यांचं दप्तर: पुढाऱ्यांची पत्रं ठेवायची आणि खंडाच्या वह्या रद्दीत?

गडहिंग्लजची_सून:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्याच्या आत निर्णय घ्यायचा आहे.

आमचं मूळ घर गडहिंग्लज तालुक्यात, आम्ही सगळे आता राजारामपुरीत. गावचा वाडा उतरवायचं ठरलंय. माळ्यावरून तीन पत्र्याच्या ट्रंका आणि एक शिसवी पेटी खाली आली. सगळं माझ्या आजेसासऱ्यांचं. ते संस्थानकाळातले इनामदार. पुढं प्रजा परिषदेच्या चळवळीत ओढले गेले आणि १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाल्यावर लोकल बोर्डावर निवडून आले. त्यांचा शब्द पंचक्रोशीत चालायचा, असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात.

पेटीत पुढाऱ्यांची पत्रं, परिषदेची छापील पत्रकं, दरबारचे हुकूम. ट्रंकांत लाल खारव्यात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडी गठ्ठे, कोर्टाची कागदं, लग्नपत्रिका, वैद्याच्या चिठ्ठ्या. आणि सगळ्यात जास्त म्हणजे कुळांच्या खंडाच्या (जमिनीच्या भाड्याच्या) वह्या, तगाईचे (शेतीकर्जाचे) अर्ज, कुळांनी पाठवलेली कार्डं.

दिरांचं म्हणणं, मोठ्या माणसांची पत्रं फ्रेम करून दिवाणखान्यात लावू, बाकीचं लक्ष्मीपुरीत रद्दीला. त्यातून कुळांचे कागद घरात ठेवले तर उद्या कुणी दावा लावेल, ही त्यांची धास्ती आहे. ते वाईट मनानं बोलत नाहीत, वाडा पाडायच्या खर्चानं आधीच बेजार आहेत.

मी एक कार्ड वाचलं, देवनागरीत होतं म्हणून वाचता आलं. कुणी तरी कुळानं लिहून घेतलेलं: "भुईमूग उतरला नाही. म्हैस बी गेली. निम्मा खंड औंदा घ्यावा, निम्मा पुढल्या सुगीला." कोपऱ्यात आजेसासऱ्यांनी निळ्या पेन्सिलीनं 'पाहणे' एवढंच लिहिलंय. ते वाचल्यापासून मला रद्दीचा विचारही सहन होत नाही, पण दिरांना पटेल असं कारण मांडता येत नाही.

माझा भाचा वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला शिकतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मामी, इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात असल्याच जमीनदार खासदारांच्या घरचे कागद ठेवलेत." पेनिआर्थच्या विन घराण्याचं नाव त्यानं घेतलं. याबद्दल कुणाला माहिती आहे का? त्यांनी काय ठेवलं, काय टाकलं? आणि आम्ही आधी काय करू?


पेठेतला_पैलवान:

ताई, फोनवर सगळ्याचे फोटो मारून ठेवा आणि सुटा. सनद, फेरफार, वाटणीपत्र तेवढं मूळ ठेवा, त्याला किंमत आहे. आमच्या आज्ज्याच्या ट्रंकेचं आम्ही असंच केलं. खंडाच्या वह्या कोण वाचणार आता? भावकीत वाद नको, हे सगळ्यात मोठं.


दप्तरी_कोल्हापूर:

ताई, काहीही टाकू नका. पैलवान, तुमचा भावकीचा मुद्दा खरा आहे, तरी टाकणं हा त्यावर उपाय नाही. माझी सगळी नोकरी जुन्या दप्तरांत गेली आणि वेल्सच्या या घराण्यांच्या कागदांचा मला फार वर्षांचा नाद आहे, म्हणून लांबण लावतो.

पेनिआर्थचे विल्यम वॉटकिन एडवर्ड विन (१८०१–१८८०) म्हणजे जमीनदार, १८५२ ते १८६५ मेरिओनेथ परगण्याचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार आणि जुन्या कागदांचे खरेखुरे भक्त. १८५९ साली त्यांना हेंगुर्टचा संग्रह वारशानं मिळाला. १७व्या शतकात रॉबर्ट वॉन नावाच्या गृहस्थानं गावोगावची हस्तलिखितं मिळवून, जिथं मूळ मिळालं नाही तिथं नकलून, तो जमवला होता. संपूर्ण वेल्श भाषेत लिहिलेलं सर्वांत जुनं समजलं जाणारं, १३व्या शतकातलं हस्तलिखित त्यातच आहे. विननी स्वतः बसून या संग्रहाची यादी केली आणि ती छापली. त्यांच्यानंतर सर जॉन विल्यम्स या राजवैद्यांनी तो विकत घेतला. वारस हयात असेपर्यंत कागद घरातच राहतील, अशी अट होती. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला १९०७ मध्ये सनद मिळाली आणि १९०९ मध्ये हा संग्रह तिथं आला. त्या ग्रंथालयाचा तो पाया.

इथवर ऐकून तुमचे दीर म्हणतील, बघा, मौल्यवान तेवढंच ठेवलं. पण तसं नाही. पेनिआर्थच्या जमिनीचे कागदही त्याच ग्रंथालयात आहेत. का ठेवले, ते त्याच १८५९ सालात कळतं. त्या वर्षीच्या निवडणुकीत विन उभे होते आणि त्यांच्यासमोर डेव्हिड विल्यम्स हे लिबरल उमेदवार. तेव्हा मत गुप्त नव्हतं, सगळ्यांदेखत तोंडानं सांगावं लागे. विन थोडक्यात निवडून आले. आणि नंतर बाला गावाच्या आसपास, रिव्लास आणि विन्स्टे या दोन शेजारच्या जहागिरींनी, मालकाच्या मर्जीप्रमाणे मत न देणाऱ्या कुळांना शेतावरून उठवलं. उठवलेल्यांत मायकेल जोन्स यांची आईही होती. पुढं १८६५ साली वेल्श लोकांनी पॅटागोनियात वसाहत केली, तिच्यामागचा मुख्य माणूस म्हणजे हे जोन्स. १८६८च्या निवडणुकीनंतर पुन्हा तेच घडलं, प्रकरण पार्लमेंटात गाजलं, आणि १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा आला.

आता सांगा, हा इतिहास मोठ्या माणसांच्या पत्रांतून किती कळेल? खासदार दुसऱ्या खासदाराला 'आपला विजय झाला' एवढं लिहितो. कुठलं शेत कुणाकडून काढून कुणाला दिलं, खंड किती वाढवला, कुणाची बाकी कोणत्या वर्षी माफ केली आणि कोणत्या वर्षी अचानक वसूल केली, हे खंडाच्या वहीत सापडतं. मालकाची बाजू वहीत, कुळाची बाजू अर्जात. दोन्ही शेजारी असतील तरच खरंखोटं करता येतं.

त्याच बाला भागात, त्याच १८५९ साली, टॉम एलिस जन्मले. कुळाच्या घरातले. त्यांच्या नातलगांनाही या प्रकरणाची झळ लागली होती. १८८६ मध्ये ते त्याच मेरिओनेथमधून खासदार झाले आणि पुढं लिबरल पक्षाचे मुख्य प्रतोद. त्यांचे कागदही अ‍ॅबरिस्टविथच्या त्याच इमारतीत आहेत. जमीनदाराचं दप्तर आणि कुळाच्या पोराचं दप्तर एकाच छपराखाली, कुणीही अर्ज करून दोन्ही मागवावीत. मला स्वतःला याच्याइतकं समाधान दुसऱ्या कुठल्या संग्रहाबद्दल वाटत नाही.

आणि तुमचं ते कार्ड. 'पाहणे' लिहिलं, म्हणजे निर्णय अजून व्हायचा होता. कार्डावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून साल काढा आणि त्या सालाची वही उघडा. त्या कुळाच्या नावापुढं निम्मा खंड जमा दिसला, तर आजेसासऱ्यांनी पाहिलं. पूर्ण दिसला, तर तेही कळलं पाहिजे. वही रद्दीत गेली तर हा प्रश्न कायमचा अर्धा राहील. दिरांना हेच कार्ड दाखवा, भाषण नको.

आता कामाचं. ट्रंका आहेत त्या क्रमानं राहू द्या. पत्रं एकीकडं, वह्या एकीकडं, अशी 'नीट' लावू नका. कोणता कागद कोणत्या रुमालात, कशाच्या शेजारी होता, हीसुद्धा माहिती आहे. आधी रुमालाला क्रमांक द्या, साध्या शिसपेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून. पेनानं नाही, स्टॅम्पनं नाही. लोखंडी टाचण्या गंजल्या असतील तर हळूच काढा, ओढू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशनचं नावही काढू नका, दोन्ही कागदाला मारतात. खारव्याचा रंग ओलीत उतरतो, तेव्हा रुमाल बदलून धुतलेल्या, खळ काढलेल्या पांढऱ्या मांजरपाटाचे करा. वेखंडाची पुरचुंडी आपले जुने लोक ठेवायचे, ती ठेवायला हरकत नाही, पण कागदाला थेट टेकू देऊ नका.

मग यादी. फार शास्त्रीय नको. ग्विडिरचे सर जॉन विन म्हणून आणखी एक जमीनदार, १५८६च्या पार्लमेंटातले. त्यांच्या घराण्याच्या १५१५ ते १६९० या काळातल्या कागदांची सूची ग्रंथालयानं १९२६ मध्ये छापली. प्रत्येक पत्राची तारीख, कुणाचं, कुणाला, आणि दोन-चार ओळींत मजकूर. लंडनला शिकायला गेलेली पोरं, कज्जे, पैसे, सगळं त्यात दिसतं. एका शाळेच्या वहीत तुम्ही हेच करू शकता. फोटो जरूर काढा, पण फोटोला यादीतला क्रमांक द्या. नाही तर फोनमध्ये चार हजार चित्रं पडतील आणि एकही सापडणार नाही.


गडहिंग्लजची_सून:

काका, कार्डाचा शिक्का बघितला. गावाचं नाव पुसट आहे, पण साल १९४३ स्पष्ट वाचता येतं. त्या सालाची वही दुसऱ्या ट्रंकेत असावी, अजून उघडली नाही, तुम्ही म्हणालात तसं आधी क्रमांक देतेय. दीरही काल येऊन बसले आणि कार्ड दोनदा वाचलं. पण दाव्याची भीती गेलेली नाही. शिवाय एका ट्रंकेचा तळ ओला लागतोय, तीन-चार रुमाल चिकटलेत. उन्हात टाकू का?


शिरोळकर:

ताई, उन्हात अजिबात नको! २०१९च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, त्यात शेतीच्या कागदांची पेटी बुडाली. ओला कागद उन्हात टाकला की वेडावाकडा होतो, आणि चिकटलेली पानं सोलायला गेलं की अक्षरासकट सुटतात. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून वेळ नसेल तर आधी गोठवायचं. आम्ही गठ्ठे आहेत तसे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले आणि ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. पूर ओसरल्यावर एकेक पिशवी काढून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांत टिपकागद घालून वाळवली. पंखा थेट कागदावर नाही, भिंतीकडं.

मोडी कागद आश्चर्य वाटावं इतके टिकले. काजळाची शाई कागद खात नाही. पण ती पाण्यात विरघळते, म्हणून ओली असताना बोट लावायचं नाही. फाउंटन पेनची निळी शाई मात्र आमच्याकडं बरीच पसरली. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा.


दप्तरी_कोल्हापूर:

शिरोळकरांनी लिहिलंय तसंच करा. तुमचे रुमाल नुसते दमट असतील तर गोठवायची गरज नाही, सावलीतला वारा पुरे. चिकटलेले आहेत ते सोडवू नका.

दाव्याचं. कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर जमिनी कुळांच्या नावावर गेल्या त्या फेरफार नोंदींनी, आणि त्या नोंदी तहसीलात आहेत. घरातली वही फाडून तिथली नोंद पुसली जात नाही. तरी मनात शंका असेल तर एखाद्या वकिलाला वह्या दाखवा, पण तोवर फाडू नका.

कुठं द्यायचं, तर कोल्हापुरात राज्य शासनाचं पुरालेखागार आहे, संस्थानचं दप्तर तिथंच. शिवाजी विद्यापीठात विचारा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून घराण्यांचे कागद सांभाळतंय. देताना लेखी करार करा: दान की ठेव, घरच्या खासगी पत्रांना किती वर्षं हात लावायचा नाही, घरच्यांना नकला मिळणार का. पेनिआर्थच्या वारसांनी अट घातली होती, तुम्हीही घालू शकता. आणि पेटी एकीकडं, ट्रंका दुसरीकडं असं होऊ देऊ नका. दिरांना दिवाणखान्यात पत्रं लावायची असतील तर चांगल्या नकला काढून त्या लावा.

मोडी वाचायला मी येतो. रविवारी सकाळी जमेल, पत्ता इथं नको, खासगी निरोपात कळवा. १९४३ची वही आपण आधी काढू.