रविवार सकाळ, ‘आपली भावकी’ ग्रुप

मुग्धा: सुमनआत्या, तोच मेसेज परत? "बाळंतपणात कळा कमी करायला पाठीत सुई घेतली की कंबर जन्मभराची गेली." शुक्रवारी टाकलास, काल टाकलास, आज सव्वासहाला पुन्हा. मला ३७ वा आठवडा चालू आहे. रात्री दर दोन तासांनी उठते आणि उठलं की हेच समोर.

सुमनआत्या: काळजीपोटी टाकते गं बाळा. शुभ सकाळ 🌷

नानाकाका: शुभ सकाळ. पिंपळगावची द्राक्षं येताहेत. कोणाला किती पेट्या ते आजच सांगा.

मीनाकाकू: आमच्या वेळी कुठे होती ही थेरं. मी तर हूं की चूं केलं नाही.

रोहित: आई, बाबा म्हणतात आवाज दवाखान्याच्या गेटपर्यंत येत होता 😂

मीनाकाकू: त्यांना काय माहीत? ते नाक्यावर मिसळ खात होते.

नानाकाका: चहा. मिसळ नव्हे.

केतकीताई: नाइट करून आत्ता घरी आलेय, म्हणून एकदाच लिहिते. सिझरला देतात ती स्पायनल, एका इंजेक्शनात कमरेखालचं सगळं बधिर. एपिड्युरल वेगळी. त्यात मणक्यापाशी केसासारखी बारीक नळी ठेवतो, सुई लगेच काढून घेतो. नळीतून हलक्या ताकदीचं औषध थोडं थोडं जातं. १५-२० मिनिटांत कळांची धार बोथट होते, पोट आवळतंय हे मात्र कळत राहतं. टोचलं तिथे चार दिवस ठणकतं. कायमची कंबरदुखी त्याने होत नाही. न घेतलेल्यांचीही कंबर बाळंतपणानंतर दुखतेच.

सुमनआत्या: माझी १९९१ पासून दुखते.

केतकीताई: तुला तेव्हा एपिड्युरल कोणी दिली?

सुमनआत्या: सिझरला पाठीतच सुई दिली होती.

केतकीताई: 🙏 वरचं परत वाच.

प्राची (लेस्टर): आमच्याकडे गॅस अँड एअर आधी देतात. अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन. नळी आपल्याच हातात, कळ चढायला लागली की ओढायचा. दुखणं जात नाही, पण दुखण्याशी आपलं काही घेणंदेणं नाही असं वाटतं. मला मळमळलं जरा. आणि राणी व्हिक्टोरियाने १८५३ मध्ये आठव्या बाळाला क्लोरोफॉर्म घेतलाच होता.

रोहित: तिची आत्या ग्रुपवर नव्हती 😂

मुग्धाची आई: केतकी, सुई घेतली की हमखास सिझर होतं असं शेजारच्या म्हणत होत्या.

केतकीताई: नाही काकू. कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात सगळे अभ्यास एकत्र पाहिले, सिझर वाढत नाही. त्रास नाहीतच असं म्हणत नाही मी. बीपी उतरू शकतं, खाज सुटते, थंडी भरते, जोर करायचा टप्पा लांबू शकतो. शंभरात एखादीचं डोकं नंतर दिवसचे दिवस दुखतं, त्यावर उपाय आहे. प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर आम्हीच नाही म्हणतो. पेथिडीन, ट्रॅमाडॉलची इंजेक्शनं स्वस्त, पण आराम कमी, गुंगी जास्त. पेथिडीनने बाळही सुस्त होऊ शकतं. आणि एपिड्युरलसाठी पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबायलाच हवं असंही काही नाही.

सुमनआत्या: सगळं खरं. पण कळा सोसल्याशिवाय माया लागत नाही, असं आमची आजी म्हणायची.

प्राची (लेस्टर): मग तुझी दोन्ही सिझर, मयूरवर माया नाही का तुझी?

नानाकाका: पेट्या: सुमन १, आम्ही २. बाकीचे?

सुमनआत्या: प्राची, तिकडे बसून बोलणं सोपं आहे. १९ तास कळा देऊन मग सिझर केलं होतं माझं. कोणी विचारलं होतं का कधी?

मीनाकाकू: विषय कुठून कुठे चाललाय. डोहाळजेवणातही असंच झालं.

रोहित: आत्या विरुद्ध लेस्टर, पहिला सामना 🏏

उत्तरावहिनी: रोहित, बास. मी गप्प बसणार होते. ओजसच्या वेळी १४ तास झाले होते, मी स्वतः सुई मागितली. बाहेर बाकावर तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंत, नको म्हणून. आत आयाबाई म्हणत होती, "तेव्हा नाही ओरडलीस ती?" मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. नकाराच्या कागदावर सही कोणाची होती ते मी डिस्चार्जच्या दिवशी पाहिलं.

मीनाकाकू: उत्तरा, हे घरी बोलू.

उत्तरावहिनी: सहा वर्षं घरीच आहे मी, आई.

रोहित: सही माझी होती.

(हा संदेश हटवला गेला आहे)

मुग्धाची आई: नाना, काय हटवलंत?

नानाकाका: द्राक्षांचा भाव चुकला होता.

केतकीताई: मुग्धा, गुरुवारी जाशील तेव्हा एवढंच विचार. रात्री दोनला भूलतज्ज्ञ तिथेच असतो की घरून बोलवावा लागतो? बाहेर पाटीवर "पेनलेस" सगळेच लिहितात. पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लावतात, तेही आधी विचार. आयत्या वेळी नको वाटली तर घेऊ नकोस. कोमट पाण्याची अंघोळ, कंबर चोळणं, चालणं, बॉलवर बसणं, याने पहिले काही तास बरे जातात. आणि सोबत कोणाला आत घेतात ते विचार. सरकारी दवाखान्यांतही २०१७ च्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिगृहं सुधारायच्या कार्यक्रमापासून सोबतीला माणूस असावा असं धरलंय, खासगीवालेच कुरकुरतात.

सुमनआत्या: केतकी, सुई टोचताना हलायचं नाही म्हणतात. मधेच कळ आली तर?

केतकीताई: आम्ही थांबतो, कळ ओसरू देतो. बाई उशी कवटाळून पाठ गोल करून बसते, समोरून एक जण खांदे धरतो.

सुमनआत्या: मग खांदे धरायला मी येते.

मुग्धा: आत अमेय असेल, आत्या. तू बाहेर बाकावर बस, डबा घेऊन ये. फक्त बाहेर बसून काही ठरवू नका.

उत्तरावहिनी: 👍

सुमनआत्या: बरं.

नानाकाका: अमेयरावांना एक पेटी धरू का?