घरी शिवलेल्या तंबूची घडीची काठी जोडावरच वाकली, आता कशी करू?

अंतूरचा पाहुणा
राम राम मंडळी. छत्रपती संभाजीनगरला असतो. छत्रीच्या कापडाचा एका काठीवर उभा राहणारा तंबू आईच्या मशीनवर शिवलाय. कापड उत्तम निघालं, घोळ काठीचा आहे.

पडद्याचा अॅल्युमिनियम पाइप घेतला, बाहेरून 12 मिमी, जाडी 1 मिमी. उंची 132 सेंमी, तीन तुकडे, जोडाला आत बारीक पाइप. मागच्या महिन्यात अंतूर किल्ल्याच्या पायथ्याला ओळखीच्या शेतात मुक्काम केला. रात्री दोनला वारा सुटला आणि कापड तोंडावर! टॉर्च लावून बघतो तर काठी बरोबर जोडावर वाकलेली, पाइपाचं तोंड तुरीच्या शेंगेसारखं उकललेलं. उरलेली रात्र कापड अंगावर घेऊन काढली, शेतकरीदादा सकाळी चहा देताना हसायले होते.

मित्र म्हणतो विमानाचं 7075 अॅल्युमिनियम मागव. भाव बघून फोन खाली ठेवला. खरंच लागतं का ते? वजन पाव किलोच्या आत हवं आणि घडी 40 सेंमीपेक्षा लहान. सॅकच्या बाहेर काठी बांधली की एसटीत कुणाच्या तरी बरगडीत जाते.

वाळूजचा टूलरूमवाला
पाहुणे, जोड आत किती होता ते लिहिलंच नाही तुम्ही.

अंतूरचा पाहुणा
दोन्हीकडं दोन-दोन सेंमी.

वाळूजचा टूलरूमवाला
मग तिथंच मेलं. व्यासाच्या तिप्पट तरी आत पाहिजे. आखूड जोड डुगडुगतो, काठी सरळ रेषेत राहत नाही, आणि सगळा भार पाइपाच्या कडेवर येतो.

7075 चा नाद सोडा. घुमटी तंबूची काठी कमानीसारखी वाकवून ठेवायची असते, तिला तो मजबूत धातू लागतो, नाहीतर ती वाकडीच राहते. तुमची काठी उभी. उभी बारीक काठी बाक खाऊन पडते आणि ते ठरतं ताठपणावर. ताठपणा पडद्याच्या पाइपाचा आणि 7075 चा जवळपास सारखाच. फरक पाडतो तो व्यास. तुमची 132 सेंमीची 12 मिमी काठी, जोड नाहीच असं धरलं तर, कागदावर 21 किलोच्या आसपास भार आला की बाक घेते. तीच 16 मिमी, जाडी तेवढीच, तर 53 किलोपर्यंत तग धरते. वजन वाढतं फक्त 45 ग्रॅम.

माझ्या हिशोबानं 16 चा पाइप, 33 सेंमीचे चार तुकडे. जोडाला 14 चा पाइप, 10 सेंमीचे तीन. निम्मा आत चिकटवलेला, निम्मा बाहेर. बाहेर राहणारे पाच सेंमी घडीच्या लांबीत धरा, लोक हेच विसरतात. घडी 38, वजन 200 ग्रॅमच्या आसपास. 14 चा 16 मध्ये सरळ जाणार नाही, भोकही 14 चंच आहे. लेथवर धरून पॉलिश पेपरनं मिमीच्या दशांशभर उतरवा, पण हलायला लागेल इतकं नको. चिकटवायची बाजू मात्र खरबरीत ठेवा आणि एरल्डाइट लावून रात्रभर हात लावू नका.

कापलेल्या तोंडाची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, कानशीनं आतूनबाहेरून काढा. ती राहिली तर तुकडे एकत्र धरायला आतून ओवलेलं इलास्टिक दोन फेऱ्यांत कापलं जातं. इलास्टिक काठीपेक्षा वीतभर आखूड ठेवा.

कोपीतला
आमच्याकडं ह्या काठीला मेढ म्हणतात. आईवडील ऊसतोडीला जायचे, माझं अर्धं लहानपण कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत गेलं. मेढीच्या डोक्याला आई चिंध्यांचा बोळा बांधायची, नाहीतर ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात भोक पडून खाली यायची. तुमच्या तंबूच्या टोकाला रेक्झिनचं डबल ठिगळ द्या आणि काठीला खुर्चीचं रबरी बूच घाला.

खालच्या टोकाचंही बघा. काळी माती भिजली की बारीक काठी त्यात पेन्सिलीसारखी रुतते, तंबू सैल पडतो आणि दोष खुंट्यांना देतो आपण. डब्याचं पत्र्याचं झाकण खाली ठेवायचं. बांबूचंही चालतं, पण भरीव घ्या आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाला दोरा आवळून गुंडाळा, उभा चिरतो तो. मला विचाराल तर बांबूच. पण तुमच्या 200 ग्रॅमला तो हरेल, हे कबूल.

आणि अवकाळीत विजा चमकायल्या तर काठी कशाची आहे ह्याचा विचार करत माळावर बसू नका. गाव गाठा, पक्क्या घरात जा.

अंतूरचा पाहुणा
लई आभार दोघांचे. आज 16 चा आणि 14 चा पाइप आणला, दुकानदारानं विचारलं पडदा केवढा आहे, म्हटलं एका माणसाएवढा. तुकडे कापून झाले. एक जोड जरा जास्त घासला गेला, किंचित डुगडुगतोय. त्याला टेप गुंडाळू का नवाच करू?

वाळूजचा टूलरूमवाला
नवा करा. दहा सेंमी पाइप आहे, जमीन नाही विकायची.