वेकबोर्डिंग: टँट्रम फिरतो, पण उतरता येत नाही. मदत हवी आहे

दोन वर्षांपासून ऑरलँडोजवळ राहते. इथे तळ्यांना तोटा नाही, म्हणून दर शनिवारी वारा सुटायच्या आत आम्ही वेकबोर्डिंगसाठी, म्हणजे दोराचं हँडल धरून बोटीमागे बोर्डावर उभं राहून पाण्यावरून घसरायला, बोट काढतो. बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून पलीकडे साधी उडी आता बहुतेक वेळा नीट उतरते. अडलंय ते टँट्रमपाशी, म्हणजे टाचेकडच्या कडेवर लाटेकडे यायचं आणि तिच्या माथ्यावरून मागे कोलांटी मारायची.

डावा पाय पुढे, दोर 65 फूट, बोट ताशी 22 मैल. शाळेत मल्लखांब केलाय, त्यामुळे उलटं व्हायची भीती नाही. कोलांटी जवळजवळ पूर्ण होते, पाणीही दिसतं, पण बोर्डाची शेपटी (मागचं टोक) आधी टेकते आणि मी पाठीवर आपटते, नाहीतर हँडल सुटतं. गेल्या शनिवारी सहाही वेळा हेच झालं. व्हिडिओत उतरताना माझे हात पार ताणलेले दिसतात. मान बहुधा लाट चढायच्या आधीच मागे जाते. शेवटच्या आपटीनंतर दोन तास डोकं दुखत होतं. हेल्मेट घातलं होतं.

चूक नेमकी कुठे होतेय? दोर आखूड करू का? ज्यांना टँट्रम येतो त्यांनी कृपया सांगा, मला हे मनापासून शिकायचंय.

प्रतिसाद:
ताई, आधी डोक्याचं बघा. हेल्मेट असलं तरी मेंदूला हिसका बसतोच. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात उतरू नका.

आता टँट्रम. मल्लखांबात आपण स्वतः अंग फेकतो, इथे फिरवायचं काम लाट करते. कडेवरचा भार हळूहळू वाढवत या, माथ्यावर पाय सरळ करून उंच उभ्या राहा. बोर्ड लाटेला अडला की मगच डोकं मागे. मान आधी टाकली की उंचीच मिळत नाही, म्हणून शेपटी आधी टेकते. हँडल दोन्ही हातांनी पुढच्या पायाच्या बाजूला कमरेशी घट्ट ठेवा, उतरतानासुद्धा. दोर 60 फुटांवर आणा, तिथे लाट अरुंद असते. वेगही जरा उतरवा. मला हे जमलं ते ट्रॅम्पोलिनवर, खांबाला बांधलेलं हँडल धरून केलेल्या सरावामुळे. अर्थात तेही डॉक्टरांना विचारूनच.

प्रतिसाद:
खूप आभार दादा. मान आधी जाते हे आता व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलं, अगदी तसंच आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. ट्रॅम्पोलिनसाठी दोर खांबाला किती उंचीवर बांधायचा?