फोन बाजूला ठेवल्यावर काय दिसलं? तुमचे अनुभव लिहा

बाबा १९७२ च्या दुष्काळाचं सांगत होते. तेव्हा ते ११ वर्षांचे, आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे. मी "हं, हं" करत होते आणि अंगठा रील्सवर फिरत होता. ते मध्येच थांबले. "चालू दे तुझं," म्हणाले आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले. रागावले असते तर परवडलं असतं.

त्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम दोन्ही काढून टाकलं. त्याला आता पाच महिने झाले. ज्यांनी सोडलंय, सोडून परत धरलंय, अर्ध्यावर आहेत, सगळ्यांनी लिहा. पहिल्या आठवड्याबद्दल तर नक्की लिहा, माझा तोच फार जड गेला. गॅसवर दूध ठेवलं की तेवढ्या दोन मिनिटांतही हात ओट्यावर फोन चाचपायचा.

*

माझी आत्या मोहित्यांचे वडगावला असते, सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि ८.३० पर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. कोरोनात शाळा मोबाइलवर आली, नंतर पोरांच्या हातून तो सुटेना, म्हणून गावानं मिळून ठरवलं.

दिवाळीनंतर गेले होते. भोंगा झाला तसा आत्याच्या नातवानं फोन फडताळात ठेवला आणि दप्तर उघडलं. चुळबुळत होते ती मी. आत्यानं शेंगांचं सूप पुढ्यात सरकवलं, "घे, फोड." पहिली दहा मिनिटं जाता जाईनात. मग तिचं माहेरचं बोलणं सुरू झालं आणि सूप कधी रिकामं झालं कळलंच नाही.

एकटीनं मी तीनदा सोडून पाहिलं होतं, तिन्ही वेळा फसलं. आता घरात सगळ्यांचं ठरलंय. आमच्याकडे भोंगा नाही, कुकरची पहिली शिट्टी झाली की फोन टोपलीत, ते जेवणं होईपर्यंत.

*

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतोय. राज्यघटनेचं एक पान वाचायला अर्धा तास लागायला लागला, तेव्हा घाबरलो. पूर्वी वेबसाइटचं पान संपायचं, पुढचं उघडायला बटण दाबावं लागायचं. न संपणारं स्क्रोलिंग एझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केलं आणि पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. हे कळल्यावर "माझ्यातच दम नाही" हे म्हणणं थांबवलं. थांबायची जागाच काढून टाकलेली आहे, तर माणूस थांबणार कुठे?

बटणांचा फोन घेतला. साधारण महिन्याभरात सलग दीड तास बसायला लागलो. पण याची किंमतही सांगतो. मित्राचे वडील गेले, निरोप व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा काय बोलावं सुचेना. त्यानंतर जवळच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, काहीही असो, फोन करा.

*

इगतपुरीला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलं. फोन सुरुवातीलाच जमा करतात, पहाटे ४ ला घंटा, बोलणं बंद. दोन-तीन दिवस मांडीजवळ फोन थरथरल्यासारखं व्हायचं. घातलेल्या पायजम्याला खिसाच नव्हता. घरी आल्यावर तीन आठवड्यांत सगळं पूर्वीसारखं झालं. तरी गेल्याचं वाईट वाटत नाही. मन शांत असतं म्हणजे कसं असतं, ते निदान एकदा अनुभवलंय.

*

मला सोडणं शक्य नाही. घरगुती मसाल्यांच्या ऑर्डरी इन्स्टावरच येतात. जुना फोन फक्त त्यासाठी ठेवलाय. दुपारी तासभर तो उघडायचा, मग मसाल्यांच्या कपाटात ठेवून कुलूप. खरेदीदार थांबतात, हा माझा अनुभव.

*

धागा मीच सुरू केला होता, म्हणून पुढचं सांगते. "बाबा, खडीच्या कामाचं सांगायचं राहिलं होतं," असं मी म्हटलं तेव्हा "असंच काहीतरी होतं ते" म्हणून त्यांनी टाळलं. दोनदा टाळलं. परवा तांदूळ निवडत बसलो होतो. काही न विचारता सुरू झाले. कामावर मिळायची ती सुकडी, मिलो ज्वारीची लालसर भाकरी, आजीच्या तळव्यांना आलेले फोड, त्यावर गुंडाळलेली लुगड्याची चिंधी. दगड धरायचा कसा हे दाखवायला त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. हातोडी तिथे बसली होती.

चाळीस वर्षं हा हात बघतेय. ते नख मी परवा पहिल्यांदा पाहिलं.