नव्या गाडीचा गिअर आणि मीटरवरचं अक्षर

ब-३०२ काका: मंडळी, मुलाने नवी गाडी घेतली आहे. गिअर स्टिअरिंगच्या मागे, वायपरच्या दांडीसारखा. दांडी वर फिरवली की डी (पुढे), खाली फिरवली की आर (मागे), टोकाला दाबलं की पी (पार्किंग). गाडी छान आहे, पण माझा हात अजून दोन सीटच्या मध्येच जातो. इतकी वर्षं मॅन्युअल चालवली आहे. कोणाकडे अशी गाडी असेल तर सवय कशी केली ते सांगा.

क-२०४ दादा: काका, आमच्याकडे गोल नॉब आहे. क्रम नेहमीचाच, पी-आर-एन-डी (एन म्हणजे न्यूट्रल). त्यामुळे लवकर जमलं. फक्त गाडी हलत असताना त्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

अ-१०१ ताई: काका, मी गाडी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जायची. दांडा ज्या खाचेत, गाडी त्या गिअरमध्ये. न बघता हाताला कळायचं. आता दांडी फक्त विजेचा संदेश पाठवते, गिअर बदलायचं काम कॉम्प्युटर करतो. केबल गेल्यामुळे कंपन्या गिअर कुठेही, कोणत्याही रूपात देऊ शकतात. जॅग्वार एक्सएफमध्ये गाडी सुरू केली की नॉब आतून वर यायचा. टेस्लाच्या काही मॉडेलमध्ये तर स्क्रीनवर बोट वर सरकवलं की गाडी पुढे, खाली सरकवलं की मागे. काही गाड्यांत गिअरसाठी बटणं असतात. ती मात्र नवी नाहीत, क्रायस्लरने १९५६च्या मॉडेलपासून दिली होती आणि १९६४नंतर ती बंद केली.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सोडल्यावर पुन्हा मध्ये येणाऱ्या दांड्याची. तो पुढे ढकला, मागे ओढा, सोडला की जागेवर. गाडी पीमध्ये आहे की आरमध्ये, हे दांड्याकडे बघून किंवा त्याला हात लावून समजतच नाही. याच कारणाने २०१६मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. जीप ग्रँड चेरोकी, डॉज चार्जर आणि क्रायस्लर ३०० ही ती मॉडेल. गाडी पीमध्ये आहे असं समजून लोक उतरायचे आणि गाडी घरंगळायची. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा अवघ्या २७ वर्षांचा अभिनेता स्वतःचीच घरंगळलेली ग्रँड चेरोकी आणि घराच्या फाटकाचा खांब यांच्यामध्ये चिरडून गेला. ही बातमी मी प्रत्येक शिकणाऱ्याला सांगते, कारण ती माणसं निष्काळजी नव्हती. हाताला जे कळायला हवं होतं, ते त्या दांड्याने कळूच दिलं नाही.

म्हणून सवय हाताला लावण्याआधी डोळ्यांना लावा. ब्रेकवर पाय, गिअर बदला, मीटरवरचं अक्षर वाचा, मगच पाय उचला. सुरुवातीला अक्षर मोठ्याने म्हणा. उतरताना पी दाबा, अक्षर बघा, हँडब्रेक लावा, गाडी बंद करा आणि शेवटी बेल्ट सोडा. बेल्ट शेवटी, हे फार महत्त्वाचं आहे. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे ती सुरू आहे की बंद, हेही बघूनच ठरवावं लागतं.

ड-४०२ वहिनी: ताई, आमच्या दोन गाड्या आहेत. एकीत उजव्या दांडीवर इंडिकेटर, दुसरीत उजव्या दांडीवर गिअर. चालत्या गाडीत चुकून गिअर ओढला गेला तर काय होईल?

अ-१०१ ताई: वहिनी, बहुतेक गाड्या वेगात असताना आर किंवा पी घेतच नाहीत. पण एन लागू शकतो. मग गाडीची ओढ जाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबून उपयोग होत नाही. घाबरू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग तुमच्या हातात असतं. आरसा बघा आणि पुन्हा डी घ्या. अमेरिकेच्या नियमांत डी आणि आर यांच्यामध्ये न्यूट्रल असायलाच हवा, ही अट आहे. पुढून थेट मागे जाता येऊ नये म्हणून. गाडी बदलाल तेव्हा निघण्याआधी उभ्या गाडीत एकदा दोन्ही दांड्या वापरून बघा.

क-२०४ दादा: दार उघडलं की गाडी आपोआप पीमध्ये जाते ना? मग एवढी चिंता कशाला?

अ-१०१ ताई: काही गाड्यांत जाते, सगळ्यांत नाही, आणि प्रत्येक गाडीच्या अटी वेगळ्या. ती सोय असली तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर उतरू नका. घरातला दुसरा माणूस उद्या ती सोय नसलेली गाडी चालवेल. आणि हो, एएमटी गाड्यांत (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) बहुधा पी नसतोच. तिथे हँडब्रेक ओढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची.

ब-३०२ काका: हे एएमटीचं माझ्या भावाला लगेच कळवतो. तो नुसती एनमध्ये ठेवून उतरतो.

क-२०४ दादा: एक माझ्याकडून. अशा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरली तर पीमधून बाहेरच येत नाही, म्हणजे ढकलताही येत नाही. पीमधून सोडवायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते. गाडीच्या पुस्तकातलं ते पान आधीच वाचून ठेवा. आपल्या पार्किंगमध्ये एकामागे एक गाड्या लागतात, मागची अडकली की पुढची निघणार नाही.

ड-४०२ वहिनी: आणि किल्ली दुसऱ्याकडे देताना गिअर कसा चालतो ते दाखवूनच द्या. वॉचमनकडे गाडी सरकवायला नुसती किल्ली ठेवणं आता बंद करूया का?

अ-१०१ ताई: माझा पूर्ण पाठिंबा. काका, रविवारी सकाळी मागची जागा रिकामी असते, मुलालाही घेऊन या. पी, आर, एन, डी सगळे गिअर उभ्या गाडीत करून बघू, मग उतारावर.

ब-३०२ काका: येतो. गाडीचं पुस्तक पण आणतो, पीमधून सोडवायचं पान अजून सापडायचं आहे.