फोटोसोबत मशीनचा नंबरही सांगावा
मोबाइलवरचा फोटो दाखवला की न्हाव्याला आणखी काही सांगावे लागत नाही, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते. फोटोतून आकार कळतो. पण बाजूचे केस नेमके किती आखूड हवेत ते कळत नाही, आणि फोटोतल्या नटाचे केस दाट व सरळ, आपले मात्र विरळ व कुरळे असतील, तर तोच कट आपल्याला निराळा दिसतो. म्हणून मशीनच्या कंगव्याचा नंबर सांगावा: 1 म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे जवळपास 10 आणि 4 म्हणजे 13. आमच्या यवतमाळकडे बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, तेव्हा ‘भाऊ, बाजूला दोन नंबर, वर कैची’ एवढे पुरते. फेड, म्हणजे खाली अगदी आखूड आणि वर हळूहळू लांब होत जाणारा बाजूचा कट, हवा असल्यास तो कुठवर चढवायचा ते बोटाने दाखवावे. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढत असल्याने झिरोपासून, म्हणजे कंगवा न लावता अगदी त्वचेलगत सुरू करून, चढवलेला फेड दोन-तीन आठवड्यांत पुसट होतो.

भोवऱ्याजवळचे केस फार आखूड करू नयेत, ते उभे राहतात. आणि मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून शेतात जाणाऱ्याने वरचे केस उभे बसवण्याचा हट्ट पावसाळ्यापर्यंत पुढे ढकललेला बरा. घरचे लग्न असेल तर गोष्ट वेगळी.